क्वार्टरबॅकची पारख

अमेरिकेंत दर वर्षीं एप्रिलच्या अखेरीस तीन दिवस एक विलक्षण समारंभ चालतो. व्यवसायी फूटबॉलचे बत्तीस संघ, पाळी येईल तसतसे, कॉलेजांतून बाहेर पडणाऱ्या एकेका खेळाडूचें नांव पुकारतात. ज्याचें नांव पुकारलें गेलें तो त्या संघाचा झाला. खेळाडूनें संघ निवडावयाचा नाहीं. संघानेंच खेळाडू निवडावयाचा. या समारंभाला ड्राफ्ट म्हणतात. गेल्या हंगामांत जो संघ सर्वांत अधिक हरला त्याची पाळी पहिली आणि जो अजिंक्य ठरला त्याची शेवटची, अशा सात फेऱ्या होतात. दुर्बळाच्या पानांत आधीं वाढावें, हा त्यांतला हेतु. ही कल्पना फिलाडेल्फिया ईगल्स या संघाचे मालक बर्ट बेल यांची. त्यांच्या सूचनेवरून पहिला ड्राफ्ट १९३६ सालीं फिलाडेल्फियांतील एका हॉटेलांत भरला. योगायोग असा कीं, त्या वर्षीं पहिली पाळी बेल यांच्याच संघाची होती. त्यांनीं शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वांगर या नामांकित खेळाडूचें नांव घेतलें, आणि हा गृहस्थ पुढें व्यवसायी फूटबॉलचा एकही सामना खेळला नाहीं! पहिल्याच घांसाला असा खडा लागलेली ही प्रथा आज सुमारें नव्वद वर्षें चालत आली आहे.

श्रोतेहो, आज आपल्याला पहावयाचा आहे तो या समारंभांतला सर्वांत महागडा आणि सर्वांत फसवा भाग, म्हणजे क्वार्टरबॅकची निवड. प्रथम हा क्वार्टरबॅक कोण, तें सांगितलें पाहिजे. आपल्याकडे फूटबॉल म्हटला कीं पायानें खेळावयाचा गोल चेंडू डोळ्यांपुढें येतो. अमेरिकन फूटबॉलचा चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो बहुधा हातांत धरून पळावयाचा, नाहीं तर हातानें फेंकावयाचा. दोन्ही बाजूंस अकरा अकरा गडी आणि शंभर यार्डांचें मैदान. ज्यांच्याकडे चेंडू असेल त्यांनीं चार प्रयत्नांत निदान दहा यार्ड पुढें सरकावयाचें. न सरकल्यास चेंडू प्रतिपक्षाच्या हवालीं. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभीं मधला गडी आपल्या पायांमधून चेंडू मागें देतो, तो क्वार्टरबॅकच्या हातांत. तेथून पुढचे दोनअडीच सेकंद या एका माणसाचे. त्याच्यापुढें पांच धिप्पाड गडी भिंत करून उभे असतात, आणि तितकेच धिप्पाड प्रतिस्पर्धी ती भिंत फोडून त्याला जमिनीवर लोळविण्यासाठीं धांवून येत असतात. दूरवर त्याचे तीनचार झेलणारे निरनिराळ्या वाटांनीं पळत असतात. त्यांतला कोण मोकळा आहे, किंवा अधिक नेमकें बोलावयाचें तर कोण अर्ध्या सेकंदानें मोकळा होणार आहे, हें ओळखून त्यानें चेंडू सोडावयाचा. चेंडू भलत्याच्या हातीं गेला तर केवळ प्रयत्न वायां जात नाहीं, चेंडूच जातो.

सेनापति, सारथि आणि धनुर्धर या तीन भूमिका एकाच माणसानें एकाच वेळीं बजावाव्या, असें हें काम आहे. तें नीट करणारीं माणसें जगांत एकाच वेळीं पंधरावीसच्यावर सांपडत नाहींत, आणि संघ तर बत्तीस. म्हणून ज्याच्याजवळ चांगला क्वार्टरबॅक नाहीं तो संघ हरतो. हरतो म्हणून त्याला वरची पाळी मिळते. आणि वरची पाळी मिळाली कीं तो अधीरतेनें क्वार्टरबॅकच उचलतो. २०२४ सालच्या ड्राफ्टमध्यें पहिल्या बारा निवडींत सहा क्वार्टरबॅक होते. या हव्यासाची किंमतही मोठी. २०१० सालीं सेंट लुई रॅम्सनीं पहिल्या पाळीला निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला पांच कोटि डॉलरांची हमी द्यावी लागली होती, आणि तोंवर त्यानें व्यवसायी सामन्यांत एकही चेंडू फेंकलेला नव्हता. पुढील वर्षीं नव्या कराराने नवोदितांच्या वेतनाला मर्यादा पडली आणि तशाच पहिल्या पाळीच्या कॅम न्यूटनला चार वर्षांचे मिळून २ कोटि २० लक्ष मिळाले. पैशाची जोखीम त्यामुळें घटली. वर्षांची घटली नाहीं. निवड चुकली कीं संघाचीं तीनचार वर्षें फुकट जातात, प्रशिक्षकाची नोकरी जाते, आणि एकवीस-बावीस वर्षांच्या एका तरुणाच्या नांवाला जन्माचा डाग लागतो. हा शेवटचा तोटा हिशेबाच्या वहींत कोणी मांडीत नाहीं.

१९९८ सालचें उदाहरण अमेरिकेंत अजून सांगतात. त्या वर्षीं दोन तरुण डोळ्यांपुढें होते: टेनेसी विद्यापीठाचा पेटन मॅनिंग आणि वॉशिंग्टन स्टेटचा रायन लीफ. लीफ उंच, धष्टपुष्ट, बाहु अधिक बळकट. मॅनिंग अभ्यासू आणि नेटका. पहिला कोणता घ्यावा यावर गंभीरपणें वाद झाले. इंडियानापोलिस कोल्ट्सनीं मॅनिंग घेतला आणि सान डिएगो चार्जर्सनीं दुसऱ्या पाळीला लीफ. मॅनिंग पांच वेळां सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. लीफनें उण्यापुऱ्या पंचवीस सामन्यांत १४ गुणदायी फेंकी केल्या आणि ३६ वेळां चेंडू प्रतिपक्षाच्या हातीं दिला. तीन हंगामांनंतर संघानें त्याला मोकळें केलें. आतां पश्चात्बुद्धीनें जो तो म्हणतो कीं फरक उघड होता. तो तसा उघड नव्हता. मॅनिंगचा पहिला हंगाम पाहाल तर त्यांत २८ चेंडू प्रतिपक्षानें पळविलेले आहेत, आणि त्याचा संघ सोळांपैकीं तेरा सामने हरलेला आहे. त्या डिसेंबरांत कोणी निकाल लावला असता तर मॅनिंगच्याही विरुद्ध लागता.

मग परीक्षा होते तरी कशी? फेब्रुवारी महिन्याच्या अखेरीस सुमारें तीनशें उमेदवार इंडियानापोलिस येथें बोलावले जातात. १९८७ पासून हा मेळावा तेथेंच भरतो. उंची, वजन, हाताची लांबी मोजतात. चाळीस यार्ड धांवावयास लावतात. उभ्यानें व आडव्यानें उड्या मारावयास लावतात. डॉक्टर सांधान् सांधा चांचपून पाहतात. पंजा पसरून अंगठ्याच्या टोंकापासून करंगळीच्या टोंकापर्यंत किती इंच भरतो तेंही लिहून घेतात. कारण थंडींत आणि पावसांत चेंडू निसटतां कामा नये. मला तर हें वर्णन वाचतांना आपल्याकडची स्थळ पाहण्याची बैठकच आठवते. चालून दाखवा, बोलून दाखवा, पत्रिका आणली आहे ना. आणि ज्यावर संसार व्हावयाचा तें मात्र पाहणाऱ्याला अर्ध्या तासांत कधींच दिसत नाहीं.

या मोजमापाची सर्वांत प्रसिद्ध फजिती २००० सालची. मिशिगन विद्यापीठाचा टॉम ब्रेडी नांवाचा एक सडपातळ तरुण चाळीस यार्ड ५.२८ सेकंदांत धांवला, म्हणजे या धंद्याच्या मानानें रांगलाच. त्याच्याआधीं सहा क्वार्टरबॅक निवडले गेले. त्याचें नांव सहाव्या फेरींत १९९ वें आलें. दुसऱ्या वर्षीं मुख्य क्वार्टरबॅक जखमी झाला म्हणून त्याला मैदानांत उतरविलें, आणि त्यानें त्याच हंगामांत आपल्या संघाला अजिंक्यपद मिळवून दिलें. पुढें आणखी सहा वेळां. ब्रेडीची कथा सांगून सांगून गुळगुळीत झाली आहे, आणि तिच्यावरून मोजमाप निरर्थक असा निष्कर्ष काढणारेही पुष्कळ आहेत. तो निष्कर्ष मला मान्य नाहीं. सहाव्या फेरींतले बहुतेक क्वार्टरबॅक दोनतीन वर्षांत दिसेनासे होतात. एक ब्रेडी सांपडला म्हणून राखेंत सोनें असतेंच असें नव्हे. मोजमापानें एवढेंच कळतें कीं अमक्याचा देह या धकाधकींत टिकेल कीं नाहीं. त्यापलीकडचा प्रश्न फूटपट्टीला विचारूं नये. त्यांतही अपवाद निघतात. सहा फूट उंचीचा ड्रू ब्रीस ठेंगणा म्हणून २००१ सालीं पहिल्या फेरींत कोणींच घेतला नाहीं. दुसऱ्या फेरीच्या आरंभीं तो उचलला तो लीफनें पोळलेल्या त्याच चार्जर्सनीं. पुढें न्यू ऑर्लीन्सला जाऊन त्यानें त्या शहराच्या संघाला २००९ च्या हंगामाचें अजिंक्यपद मिळवून दिलें.

बुद्धीचीही एक चांचणी असे: बारा मिनिटांत पन्नास प्रश्न. ती मूळ कारखान्यांतील व कचेऱ्यांतील उमेदवारांसाठीं काढलेली. २०२२ पासून इंडियानापोलिसच्या मेळाव्यांतून ती काढून टाकली, आणि तें योग्यच झालें. गणिताचें उदाहरण सोडविणें आणि तीनशें पौंडांचा मनुष्य अंगावर येत असतां डाव्या अंगाचा तिसरा गडी मोकळा होणार हें ओळखणें, या दोन्हींना आपण बुद्धि हा एकच शब्द वापरतों, हा भाषेचा दोष आहे.

जाणते पारखी म्हणून फूटपट्टी बाजूला ठेवतात आणि सामन्यांच्या चित्रफिती लावतात. एकेका उमेदवाराचे दहापंधरा सामने, प्रत्येक फेंक तीनतीन चारचार वेळां. प्रेक्षक चेंडू पाहतो; पारखी पाय पाहतो. चेंडू हातीं आल्यावर हा तरुण मागें सरतो तेव्हां त्याचीं पावलें त्याच्या नजरेबरोबर वळतात कां? पहिला झेलणारा अडविलेला दिसतांच तो दुसऱ्याकडे शांतपणें पाहतो, कीं तेथेंच डोळे लावून बसतो? चेंडू केव्हां सुटला? झेलणारा वळून पाहण्यापूर्वींच चेंडू हवेंत असेल तर ती मोठी खूण समजतात. कारण व्यवसायी मैदानांत मोकळा झालेला मनुष्य क्षणभरच मोकळा असतो आणि दिसल्यावर फेंकणाऱ्याला नेहमींच उशीर होतो. नेम म्हणजे तरी नुसता चेंडू हातांत पोंचणें नव्हे. पळत्या माणसाच्या छातीपुढें, त्याची गति न मोडतां, आणि प्रतिस्पर्ध्याच्या उलट्या अंगाला चेंडू पडला पाहिजे. शेंकडा सत्तर झेल पुरे झाले असें कागदावर लिहिलेलें असतें. त्यांतले निम्मे दोनचार यार्डांच्या हळुवार फेंकींचे असतील तर त्या सत्तरांना कांहीं अर्थ उरत नाहीं.

सर्वांत बोलक्या असतात त्या बिघडलेल्या फेंकी. भिंत फुटली, दोघे अंगावर आले, ठरलेला डाव मोडला. अशा वेळीं कोणी डोळे खालीं घालतो, कोणी घाबरून चेंडू भिरकावतो, कोणी पळत सुटतो, आणि क्वचित् एखादा धक्का बसणार हें ठाऊक असूनही जागेवर उभा राहून चेंडू सोडतो. जमिनीवर लोळविलें जाण्याचा दोष प्रेक्षक भिंतीच्या गड्यांना देतो. अनुभवी पारख्यांचें मत असें कीं, फार वेळां लोळणारा क्वार्टरबॅक संघ बदलला तरी लोळतच राहतो. तो दोष बहुधा त्याच्या स्वतःच्या रेंगाळण्याचा.

परंतु येथेंच खरी अडचण सुरू होते. चित्रफितींत दिसतो तो मनुष्य एकटा नसतो. त्याच्याबरोबर त्याचे दहा सोबती, त्याचा प्रशिक्षक आणि त्याचे प्रतिस्पर्धी दिसत असतात. कॉलेजचा खेळ आणि व्यवसायी खेळ यांचे नियमही थोडे भिन्न आहेत. कॉलेजांत झेल घेणाऱ्याचा एक पाय हद्दींत पडला कीं पुरे. व्यवसायांत दोन्ही पाय हवेत. चेंडू जेथून खेळावयास ठेवतात त्या खुणांच्या दोन ओळी कॉलेजच्या मैदानावर चाळीस फूट अंतरावर असतात, तर व्यवसायी मैदानावर साडेअठरा फूट. त्यामुळें कॉलेजांत एका बाजूला विस्तीर्ण मोकळी जागा आपोआप मिळते. अनेक कॉलेजांत प्रशिक्षक मैदानाच्या कडेवरून खुणांच्या पाट्या दाखवून सगळा डाव ठरवितो आणि क्वार्टरबॅकनें पहिल्या किंवा दुसऱ्या गड्याकडे चेंडू टाकला कीं काम भागतें. व्यवसायांत १९९४ पासून क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणांत एक लहानसा रेडिओ असतो. प्रशिक्षक त्यावरून डाव सांगतो, पण खेळ सुरू करण्याच्या मुदतींतले पंधरा सेकंद उरले कीं तो आवाज बंद होतो. तेथून पुढें प्रतिपक्षाची मांडणी वाचून, जरूर तर डाव बदलून, सर्वांना ओरडून सांगणें हें त्याचें एकट्याचें काम. नभोवाणीवर बोलणाऱ्याला या यंत्राविषयीं विशेष जिव्हाळा वाटला तर श्रोत्यांनीं क्षमा करावी. ऐन प्रसंगीं बंद होणारा रेडिओ हाच त्या खेळाडूचा खरा परीक्षक असतो!

सोबत्यांचा आणि शिकवणीचा हिस्सा किती, याचें नमुनेदार कोडें म्हणजे जो बरो. ओहायो स्टेटमध्यें तीन वर्षें राखीव राहून तो लुइझियाना स्टेटला गेला. तेथें २०१८ सालीं त्याच्या गुणदायी फेंकी सोळा. पुढच्याच वर्षीं साठ! दरम्यान खेळण्याची पद्धति बदलली होती, आणि झेलणारे जस्टिन जेफर्सन व जमार चेस यांच्यासारखे पुढें व्यवसायांत गाजलेले गडी होते. मग साठ कोणाचे? सिनसिनाटीनें २०२० सालीं पहिल्या पाळीला बरोवरच विश्वास टाकला आणि तो सार्थ झाला. दुसऱ्याच हंगामांत संघ अंतिम सामन्यापर्यंत पोंचला.

याच कोड्याची उलटी बाजू २०१७ सालीं दिसली. शिकागो बेअर्सनीं तिसऱ्या पाळीवरून दुसरीवर येण्याकरितां आणखी तीन पाळ्या देऊन मिचेल ट्रुबिस्की निवडला. तो नीटनेटका, नियमित. पण कॉलेजांत आरंभापासून खेळलेले सामने अवघे तेरा. त्याच वर्षीं टेक्सस टेकचा पॅट्रिक महोम्स दहावा गेला. त्याच्याविषयीं तक्रारी पुष्कळ होत्या: पावलें बेशिस्त, भलत्या कोनांतून फेंकतो, कॉलेजची पद्धति पोरखेळ, आणि संघ तर बारांपैकीं सात सामने हरलेला. त्या तक्रारी खऱ्याच होत्या. परंतु त्याच चित्रफितींत भिंत ढासळलेली असतां पळतां पळतां साठ यार्डांवर नेमका पडणारा चेंडूही होता, आणि कॅन्सस सिटीनें तो पाहिला. त्यांनीं वर येण्याकरितां पुढल्या वर्षाची पहिल्या फेरीची पाळी दिली, महोम्सला एक वर्ष ज्येष्ठ खेळाडूच्या मागें बसविलें, आणि २०१८ सालीं पन्नास गुणदायी फेंकी करून तो सर्वश्रेष्ठ ठरला. शिकागोनें महोम्स घेतला असता तर हेंच झालें असतें काय? मला शंका आहे. पारखी मनुष्य तरुणाचे गुण पाहतो; पण त्या गुणांतले कोणते फुलावयाचे हें पुष्कळ अंशीं त्याला नेणाऱ्या घरावर अवलंबून असतें, आणि आपल्या घराची परीक्षा कोणताही संघ त्या कसोशीनें घेत नाहीं.

२०१८ च्या निवडींत हें अधिक स्पष्ट होतें. वायोमिंगच्या जॉश ॲलनचे कॉलेजांतले झेल शेंकडा छप्पन; पहिल्या व्यवसायी हंगामांत त्रेपन्नही पुरे नव्हते. बफेलो येथें त्याला चार वर्षें एकाच प्रशिक्षकानें आक्रमण शिकविलें, त्यानें स्वतःची फेंकण्याची धाटणी मुळापासून सुधारली, संघानें चांगला झेलणारा आणून दिला; २०२० सालीं तोच आंकडा एकोणसत्तरावर गेला, आणि २०२४ च्या हंगामांत तो सर्वश्रेष्ठ खेळाडू ठरला. त्याच्याआधीं चार जागा वर निवडलेला सॅम डार्नोल्ड न्यूयॉर्कच्या जेट्सकडे तीन वर्षांत दोन मुख्य प्रशिक्षकांच्या हाताखालीं गेला आणि वायां गेलेला समजून दुसरीकडे धाडला गेला. २०२४ सालीं मिनेसोटांत त्याच डार्नोल्डनें सतरांपैकीं चौदा सामने जिंकून दिले.

पारख्याच्या डोळ्यांवर कधीं कधीं दुसराच चष्मा असतो, तेंही सांगितलें पाहिजे. वॉरन मून या कृष्णवर्णी खेळाडूनें १९७८ च्या जानेवारींत वॉशिंग्टन विद्यापीठाला रोझ बोलचा सामना जिंकून दिला आणि त्या सामन्याचा सर्वोत्कृष्ट खेळाडू तोच ठरला. त्या वर्षींच्या बारा फेऱ्यांच्या ड्राफ्टमध्यें त्याचें नांव कोणीही घेतलें नाहीं. काळ्या माणसानें धांवावें, झेलावें, पण डाव चालविणें त्याचें काम नव्हे, अशी त्या काळांतली समजूत. मून कॅनडांत एडमंटनला गेला, तेथें लागोपाठ पांच अजिंक्यपदें मिळवून १९८४ सालीं अमेरिकेंत परतला, आणि २००६ सालीं व्यवसायी फूटबॉलच्या सन्मानमंदिरांत दाखल झाला. समजूत बदलली असें म्हणावें तर २०१८ सालीं लमार जॅक्सनला, कॉलेजचा सर्वोच्च सन्मान मिळविलेला क्वार्टरबॅक असूनही, झेलणारा हो असा सल्ला देणारे जाणकार निघालेच. तो पहिल्या फेरीच्या शेवटच्या, बत्तिसाव्या पाळीला बाल्टिमोरनें घेतला. २०१९ आणि २०२३ या दोन्ही हंगामांचा सर्वश्रेष्ठ खेळाडू तोच होता.

केड मॅसी आणि पुढें अर्थशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळविणारे रिचर्ड थेलर या दोघांनीं या सर्व निवडींचा अभ्यास करून २०१३ सालीं तो प्रसिद्ध केला. संघ वरच्या पाळ्यांना अवाच्या सवा किंमत देतात. एकाच जागेसाठीं एकामागून एक निवडलेल्या दोघांत आधींचा सरस निघण्याची शक्यता नाणें उडविण्याहून किंचितच अधिक असते, असें त्यांना दिसलें. तरी पाळ्या विकत घेण्याची चढाओढ चालूच आहे. २०२३ सालीं कॅरोलिनानें पहिली पाळी मिळविण्याकरितां एक उत्तम झेलणारा आणि चार पाळ्या देऊन ब्राइस यंग घेतला; म्हणजे नव्या क्वार्टरबॅकला चेंडू फेंकावयाचा तो ज्याच्याकडे, तोच मोबदल्यांत गेला. दुसऱ्या हंगामाच्या दोन सामन्यांनंतर यंगला बाजूस बसविण्यांत आलें.

ग्रीन बे या लहानशा गांवच्या संघाची रीत याहून निराळी आहे. २००५ सालीं त्यांनीं ॲरन रॉजर्स चोविसावा निवडला आणि ब्रेट फार्व्हच्या मागें तीन वर्षें बसवून ठेवला. २००८ सालीं त्याच्या हातीं चेंडू दिला. २०२० सालीं जॉर्डन लव्ह सव्विसावा निवडला आणि त्याला रॉजर्सच्या मागें तितकींच तीन वर्षें बसविलें. दोघांचेंही चीज झालें. मात्र अशी सवड ज्याच्याजवळ आधींच एक उत्तम क्वार्टरबॅक आहे त्यालाच असते. पहिल्या पाळीचा संघ पहिल्या पाळीला येतो तोच मुळीं उपाशी; सप्टेंबरांत हंगाम सुरू होतो, दोनतीन सामने हरले कीं प्रेक्षक नव्या पोराचें नांव घेऊन ओरडूं लागतात, आणि ऑक्टोबर उजाडतो तों तो बहुधा फुटक्या भिंतीच्या मागें उभा केलेला असतो.